तप्त गुरूचं अधिक्रमण घरच्या कॅमेऱ्याने टिपताना: एचडी १८९७३३ बी, तारीख निवडण्यापासून प्रकाशवक्रापर्यंत

ताऱ्याला चिकटून फिरणाऱ्या महाकाय वायुग्रहाचं, म्हणजे तप्त गुरूचं, अधिक्रमण नोंदवायचा पहिला प्रयत्न बहुतेकांचा फसतो. दोष दुर्बिणीला दिला जातो, पण कारणं बहुधा साधी असतात. तारीख एका दिवसाने चुकते, कॅमेरा उशिरा सुरू होतो, मध्येच कोणीतरी फोकस ‘जरा सुधारतो’, किंवा वेळ भारतीय प्रमाणवेळेत लिहिलेली असते आणि आलेख साडेपाच तास सरकतो. या चारही चुका टाळता येतात, आणि त्यासाठी एक पैसाही जास्त लागत नाही. लागते ती सलग साडेतीन तास काहीही न बदलण्याची तयारी. खालचे सगळे टप्पे त्यासाठीच आहेत.

ग्रह स्वतः दिसणार नाही, हे आधीच मनाशी पक्कं करा. कितीही झूम केलं तरी ताऱ्याशेजारी ठिपका सापडणार नाही. आपण मोजतो ती अधिक्रमणात, म्हणजे ग्रह ताऱ्यासमोरून जाताना, ताऱ्याच्या प्रकाशात होणारी घट. वेळेनुसार त्या प्रकाशाचा आलेख म्हणजे प्रकाशवक्र.

## टप्पा १: ग्रह निवडा, पण तो ताऱ्यासमोरून जातो याची खात्री करून

पहिली चूक इथेच होते. प्रसिद्ध नाव दिसलं की लोक तोच ग्रह धरतात. ५१ पेगासी बी हा तप्त गुरूंमधला सर्वांत गाजलेला ग्रह, पण त्याची कक्षा अशी कललेली आहे की आपल्याकडून पाहताना तो ताऱ्यासमोर येत नाही. भारताने ‘संतमस’ असं नाव दिलेला एचडी ८६०८१ बी हाही तप्त गुरूच. त्याचा तारा ‘विभा’, कणभौतिकशास्त्रज्ञ विभा चौधरी यांच्या नावाचा. त्या ग्रहाबद्दल जिव्हाळा वाटणं साहजिक आहे, पण त्याचंही अधिक्रमण दिसल्याची नोंद नाही. अशा ताऱ्यावर रात्र घालवली तर हाती सरळ रेष येईल.

निवडताना तीन गोष्टी पाहा: घट किती टक्के, तारा किती तेजस्वी, अधिक्रमण किती वेळ. केल्ट-९ बीचा तारा चांगला तेजस्वी आहे, पण घट जेमतेम ०.७ टक्के, म्हणून नवख्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. डब्ल्यूएएसपी-१२ बीची घट १.४ टक्के, पण तारा अकराव्या प्रतीपेक्षाही मंद (प्रत हे तेजाचं माप, आकडा मोठा तितका तारा मंद), म्हणजे मोठी दुर्बीण आली.

माझं ठाम मत: सुरुवात एचडी १८९७३३ बीपासून करा. ताऱ्याची दृश्य प्रत ७.७ आहे, त्यामुळे ८० मिलिमीटरची लहान अपवर्तक दुर्बीण, अगदी २०० मिलिमीटरची टेलिफोटो लेन्ससुद्धा पुरते. घट सुमारे २.४ टक्के, म्हणजे चांगलीच खोल. अधिक्रमण साधारण १ तास ५० मिनिटं चालतं, आणि ग्रह दर २.२१८५७ दिवसांनी फेरी पूर्ण करतो, त्यामुळे संधी वारंवार येते.

तारा सापडायलाही सोपा. जंबुक तारकासमूहातला डंबेल तेजोमेघ, म्हणजे एम २७, बहुतेक हौशी निरीक्षकांना ठाऊक असतो. शर तारकासमूहातल्या टोकाच्या गॅमा ताऱ्यापासून सरळ उत्तरेला सव्वातीन अंश गेलं की तेजोमेघ, आणि त्याच्या पूर्वेला जेमतेम पाव अंशावर आपला तारा. तेजोमेघ चौकटीत ठेवलात तर ‘हाच का तो?’ हा प्रश्न रात्रभर सतावत नाही.

## टप्पा २: रात्र ठरवा

अधिक्रमणाचं भाकीत एक्झोप्लॅनेट ट्रान्झिट डेटाबेस, नासा एक्झोप्लॅनेट आर्काइव्ह किंवा स्वार्थमोर कॉलेजचं ट्रान्झिट फाइंडर यांवरून काढा. आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश द्या. यादीत सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन वेळा मिळतात.

सावधान, तारीख: या वेळा बहुधा जागतिक वेळेत, म्हणजे यूटीसीमध्ये असतात. आपली वेळ ५ तास ३० मिनिटं पुढे. यादीत ‘११ मे, १९:३०’ लिहिलं असेल, तर आपल्याकडे १२ मेच्या पहाटेचा १ वाजलेला असतो. ११ मेच्या संध्याकाळी साडेसातला अंगणात उभं राहून काही उपयोग नाही. वहीत दोन्ही वेळा शेजारी-शेजारी लिहा आणि ‘११-१२ मेची रात्र’ अशी नोंद करा.

आता आपल्या आकाशाचं गणित. पुण्या-मुंबईच्या अक्षांशावर हा तारा जवळजवळ डोक्यावरून जातो. तो क्षितिजापासून ३० अंशांच्या वर असेपर्यंतच मोजणी विश्वासार्ह. त्याखाली प्रकाश दुप्पट किंवा त्याहून जाड हवेतून येतो. ऑक्टोबरच्या मध्यावर तारा संध्याकाळी सातच्या सुमारास माथ्यावर असतो आणि अकरापर्यंत वापरता येतो. मेच्या मध्यावर तो मध्यरात्रीनंतर पाऊण-एकपासून पहाटे पावणेपाचच्या सुमारास उजेड फुटेपर्यंत मिळतो. जून ते सप्टेंबर पाऊस. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत संध्याकाळची खिडकी इतकी आखडते की पूर्ण अधिक्रमण मावत नाही. म्हणून महाराष्ट्रासाठी खरे महिने दोन, मे आणि ऑक्टोबर.

एक रात्र ढगात गेली तर पुढची स्वतःच काढता येते. ग्रहाच्या ९ फेऱ्यांना २० दिवसांपेक्षा ४७ मिनिटं कमी लागतात. म्हणजे २० दिवसांनी अधिक्रमण तुमच्या घड्याळात ४७ मिनिटं आधी येईल. तेवढ्या दिवसांत तारा मात्र ८० मिनिटं लवकर मावळू लागतो, हे ऑक्टोबरात विसरू नका. मधली एक संधी ११ दिवसांनी येते, तेव्हा अधिक्रमण सव्वादोन तास उशिरा असतं. ९ दिवसांनी आलेलं तीन तास आधी असतं.

तपासा: अधिक्रमणाच्या आधी निदान ४५ मिनिटं आणि नंतर ४५ मिनिटं तारा ३० अंशांच्या वर आहे ना? आकाश पुरेसं काळोखं आहे ना? चंद्र ताऱ्याच्या जवळ नाही ना? एकाचंही उत्तर ‘नाही’ असेल तर ही रात्र सोडून द्या. अर्धवट अधिक्रमणावर पहिला प्रयत्न खर्च करू नये.

## टप्पा ३: दिवसाउजेडी करायची तयारी

अंधारात शोधाशोध सुरू झाली की चुका होतात. म्हणून हे सगळं दुपारी उरकून घ्या.

ताऱ्यामागे फिरणारं माउंट किंवा स्टार ट्रॅकर विषुववृत्तीय, म्हणजे ध्रुवाकडे रोखलेल्या अक्षाभोवती फिरणारं, हवं. वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणाऱ्या साध्या माउंटवर चित्र हळूहळू गरगरतं, तुलना तारे (ज्यांच्याशी आपल्या ताऱ्याचं तेज ताडायचं ते शेजारचे तारे) चौकटीत जागा बदलतात, आणि माथ्याजवळ तर त्या माउंटचा गोंधळच उडतो. कॅमेरा कोणताही डीएसएलआर किंवा मिररलेस चालेल, फक्त रॉ फाइल देणारा हवा. जेपीजीमध्ये कॅमेरा उजेडाचे आकडे स्वतःच्या मर्जीने वाकवतो, त्यातून २ टक्के मोजता येत नाहीत.

कॅमेऱ्याच्या मेनूत जाऊन पुढच्या गोष्टी बंद करा: ऑटोफोकस, लेन्सचं स्टॅबिलायझेशन, आपोआप बंद होण्याची सोय, आणि विशेषतः ‘लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन’. हे शेवटचं चालू राहिलं तर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तितकाच वेळ स्वतःची डार्क, म्हणजे उजेडाशिवायचा काळा फोटो, घेत बसतो आणि रात्रीची निम्मी मोजणी वाया जाते.

घड्याळ मोबाइलशी जुळवा आणि सुरुवातीला नि शेवटी मोबाइलवरच्या सेकंदासह चालणाऱ्या घड्याळाचा एक-एक फोटो काढा. कॅमेऱ्याचं घड्याळ किती सरकलं ते या दोन फोटोंवरून कळतं. वीज साडेचार तास पुरेल एवढी हवी. कॅमेऱ्याची एक बॅटरी तेवढी टिकत नाही, म्हणून पॉवर बँकवर चालणारी डमी बॅटरी लावा. मेमरी कार्डात ५०० रॉ फाइल मावतात का, तेही पाहून ठेवा.

ऑक्टोबरात दव पडतंच. पावसाळ्याची ओल जमिनीत असते, आकाश निवळलेलं असतं आणि दहाच्या सुमारास लेन्स धूसर होते. दव आलं की सगळे तारे सारखे मंदावत नाहीत. कडेचा भाग वेगळा, मधला वेगळा. तुलनेने ते भरून निघत नाही. यूएसबीवर चालणारा हीटरचा पट्टा पहिल्यापासून चालू ठेवा. दव दिसल्यावर लेन्स पुसणं म्हणजे त्या रात्रीची मोजणी तिथेच संपली.

## टप्पा ४: फोकस बिघडवा, मग चिकटपट्टी लावा

सुंदर फोटोची सवय असलेल्यांना हा टप्पा जड जातो. टोकदार फोकसमध्ये सातव्या प्रतीच्या ताऱ्याचा सगळा प्रकाश चार-सहा पिक्सेलांत कोंबला जातो आणि ते भरून वाहतात. भरलेला पिक्सेल खोटं बोलतो. तारा आणखी मंद झाला तरी त्याचा आकडा तोच.

फोकस मुद्दाम थोडा बाहेर काढा, ताऱ्याची चकती १२ ते १५ पिक्सेल व्यासाची होईल इतका. आयएसओ १०० ते ४०० दरम्यान. ३० ते ६० सेकंदांचा एक चाचणी फोटो घ्या आणि संगणकावर ताऱ्याच्या सर्वांत उजळ पिक्सेलचा आकडा पाहा. १४ बिटच्या कॅमेऱ्यात कमाल आकडा १६,३८३ असतो. आपल्या ताऱ्याचा आणि तुलनेच्या ताऱ्यांचाही उच्चांक १०,०००च्या आत ठेवा. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावरचा हिस्टोग्राम एकेका ताऱ्याबद्दल काहीच सांगत नाही, त्यावर भिस्त ठेवू नका.

मे महिन्यात आणखी एक काळजी घ्यायची. तारा वर चढत असतो, हवेचा थर पातळ होत जातो, म्हणजे तारा तासागणिक उजळ होतो. पहाटे एकला १२,०००वर असलेला तारा तीनला काठोकाठ भरू शकतो. त्यामुळे मेमध्ये सुरुवात ८,०००च्या आसपास करा.

फोकस फार बिघडवणंही चुकीचंच. जंबुक समूह आकाशगंगेच्या पट्ट्यात आहे, ताऱ्यांची दाटी आहे. चकती मोठी झाली की शेजारचा तारा तिच्यात मिसळतो. एचडी १८९७३३चा स्वतःचा लाल बटू जोडीदार ११ विकलांवर (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग) आहे, पण तो इतका मंद आहे की त्याची काळजी नको.

जमलं की फोकसच्या कड्याला चिकटपट्टी लावा. यापुढे फोकस, एक्स्पोजर, आयएसओ आणि कॅमेऱ्याचा कोन, यांतलं काहीही बदलायचं नाही.

## टप्पा ५: रात्रीचा क्रम

१. ध्रुवाची जुळणी नेहमीपेक्षा काटेकोर करा. तारा रात्रभरात सेन्सरवर दहा-वीस पिक्सेलांच्या आत राहिला पाहिजे. शंभर पिक्सेल भटकला तर वाटेतला धुळीचा प्रत्येक डाग आलेखात खड्डा होऊन येतो. गायडर (माउंटची चाल सतत दुरुस्त करणारा लहान कॅमेरा) असेल तर लावाच.

२. तारा चौकटीच्या मध्याजवळ ठेवा आणि आसपास त्याच्यासारखे उजळ चार-पाच तारे येतील असं पाहा. हे काम सुरुवातीलाच. मालिका सुरू झाल्यावर चौकट सरकवायची नाही.

३. भाकितातल्या सुरुवातीच्या एक तास आधी इंटरव्हॅलोमीटर (ठरावीक अंतराने आपोआप फोटो घेणारं साधन) सुरू करा. ही पहिली सपाट रेष नसेल तर घट कशाच्या तुलनेत मोजणार? सर्वाधिक प्रकाशवक्र इथेच वाया जातात.

४. जर्मन पद्धतीचं माउंट असेल तर तारा मध्यमंडळ (माथ्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडतो तेव्हा दुर्बीण पलटवावी लागते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ही वेळ आठच्या सुमारास येते. पलटी अधिक्रमणाच्या उतारावर येऊ देऊ नका. शक्य असेल तर तारा ओलांडून गेल्यावरच मालिका सुरू करा. पलटल्यावर तारे सेन्सरच्या दुसऱ्या बाजूला जातात आणि आलेखात पायरी पडते. ती पायरी पाहून ‘ग्रह सापडला’ असं वाटणारे बरेच असतात.

५. दर वीस मिनिटांनी एक फोटो तपासा: उच्चांक, चकतीचा आकार, दव. बाकी वेळ दूर बसा. वहीत वेळ घालून नोंदी करा, जसं ‘९:१२ पातळ ढग पश्चिमेकडून’, ‘९:४० शेजारच्या गच्चीवरचा दिवा’. आलेखातला विचित्र ठिपका ओळखायला याच नोंदी उपयोगी पडतात.

६. अधिक्रमण संपल्यावर निदान ४५ मिनिटं थांबा. कंटाळा इथे येतो, आणि इथेच थांबणं सर्वांत गरजेचं असतं.

७. मालिका संपली की कॅमेरा न हलवता लेन्सला झाकण लावून त्याच एक्स्पोजरच्या २० डार्क घ्या, सर्वांत कमी वेळेच्या २० बायस घ्या, आणि लेन्सवर पांढरं सुती कापड ताणून समोर एकसारखा उजेड धरून ३० फ्लॅट. डार्क आणि बायस सेन्सरचे स्वतःचे दोष दाखवतात, फ्लॅट धुळीचे डाग आणि कडेची काळोखी.

सावधान, फ्लॅट: कॅमेरा काढून घरात नेल्यावर दुसऱ्या दिवशी घेतलेली फ्लॅट निरुपयोगी असते. धूळ, फोकस आणि कोन तेच असतील तरच तिचा उपयोग.

## टप्पा ६: मोजणी

अ‍ॅस्ट्रोइमेजजे आणि एचओपीएस ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. रॉ फाइल सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये फिट्स या खगोलशास्त्रातल्या फाइल-स्वरूपात बदला आणि फक्त हिरव्या रंगाचे पिक्सेल वेगळे काढा. रंगीत चित्र तयार करण्याची प्रक्रिया होऊ देऊ नका, तिच्यात शेजारच्या पिक्सेलांचे आकडे एकमेकांत मिसळतात. मग बायस, डार्क, फ्लॅट लावा आणि चित्रं एकमेकांवर जुळवा.

ताऱ्याभोवती मापनाचं वर्तुळ पूर्ण चकती सामावेल एवढं घ्या, आणि त्याबाहेर आकाश मोजण्यासाठी कडं. कड्यात उजळ तारा नको, तुलनेचा कोणताही तारा तेजोमेघाला लागून नको.

ही तुलना नेमकी काय करते ते एकदा आकड्यांत पाहा. समजा आपल्या ताऱ्याची मोजणी ३,३०,००० आणि तुलनेच्या चार ताऱ्यांची बेरीज ८,००,०००. गुणोत्तर ०.४१२५. पातळ ढग आला, सगळं २० टक्क्यांनी घटलं: २,६४,००० आणि ६,४०,०००. गुणोत्तर तेच, ०.४१२५. ग्रह समोर आला: ३,२२,००० आणि ८,००,०००. गुणोत्तर ०.४०२५. ढगाने वीस टक्के खाल्ले तरी रेष हलली नाही, ग्रहाने अडीच टक्केही खाल्ले नाहीत तरी ती खाली आली. रात्रभराचा सगळा खटाटोप यासाठीच.

तुलना तारे निवडताना बहुतेकजण फक्त तेज पाहतात. रंगही पाहा. एचडी १८९७३३ हा के वर्गातला नारिंगी तारा आहे आणि आकाशगंगेच्या या भागात तेजस्वी तारे पुष्कळदा निळसर. तारा खाली जाऊ लागला की निळा प्रकाश हवेत अधिक विखुरतो, निळे तारे जास्त मंदावतात आणि आपला तारा उगाच उजळल्यासारखा दिसतो. आलेख तिरका होतो. शक्यतो पिवळसर-नारिंगी तारे घ्या, आणि उरलेला कल हवेच्या थराच्या जाडीनुसार काढून टाकण्याची सोय दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये आहे ती वापरा.

तपासा: प्रत्येक तुलना तारा बाकीच्यांशी ताडून पाहा. ज्याची रेष सपाट नाही तो स्वतःच रूपविकारी, म्हणजे तेज बदलणारा, असू शकतो, त्याला वगळा. शेवटी एक तारा ‘ग्रहाचा तारा’ मानून सगळी मोजणी पुन्हा करा. त्याच वेळी तिथेही घट दिसली तर तुमची घट ग्रहाची नाही.

## टप्पा ७: वेळ दुरुस्त करा

घटीची खोली बरोबर आणि वेळ चुकीची असेल तर ते निरीक्षण इतरांच्या कामाचं राहत नाही. क्रमाने चार दुरुस्त्या करायच्या.

१. भारतीय वेळेतून ५ तास ३० मिनिटं वजा.

२. कॅमेऱ्याच्या घड्याळाचा फरक, मोबाइलच्या दोन फोटोंवरून.

३. फाइलवर बहुधा एक्स्पोजर सुरू झाल्याची वेळ असते. आपल्याला मध्य हवा, म्हणून ६० सेकंदांच्या फोटोला ३० सेकंद मिळवा.

४. यूटीसीतला ज्युलियन दिनांक (दिवसांची सलग मोजणी) बदलून बीजेडी-टीडीबी, म्हणजे सौरमालेच्या वस्तुमानमध्यावरून मोजलेली वेळ, करा. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना ताऱ्याच्या जवळ-दूर होते, त्यामुळे प्रकाश काही मिनिटं लवकर किंवा उशिरा पोचतो. त्यात टीडीबी आणि यूटीसी यांच्यातला सुमारे ६९ सेकंदांचा फरक. सॉफ्टवेअर हे स्वतः करतं, पण त्याला यूटीसीच द्यायची. आधीच बदललेली वेळ पुन्हा बदलली जाण्याची चूक फार होते.

## टप्पा ८: आलेख वाचा आणि पाठवा

एकेका मिनिटाचे ठिपके विखुरलेले दिसतील. घाबरू नका. पाच-पाच ठिपक्यांची सरासरी काढली की आकार उमटतो. या ग्रहाची वाट ताऱ्याच्या मध्यातून जात नाही, कडेकडेने जाते. त्यामुळे उतार आणि चढ प्रत्येकी पंचवीसेक मिनिटांचे असतात आणि तळ पुस्तकातल्या चित्रासारखा सपाट, चौकोनी येत नाही. चौकोनी खड्डा आला तर उलट शंका घ्या.

घटीचं वर्गमूळ म्हणजे ग्रह आणि तारा यांच्या त्रिज्यांचं गुणोत्तर. ०.०२४चं वर्गमूळ ०.१५५. ताऱ्याची त्रिज्या सूर्याच्या सुमारे ०.७६ पट, आणि सूर्याची गुरूच्या ९.७ पट. तिन्ही गुणले की ग्रहाची त्रिज्या गुरूच्या सुमारे १.१४ पट येते. ६४ प्रकाशवर्षांवरच्या, हजार केल्विनच्या वर तापलेल्या ग्रहाचा हा आकार तुम्ही गच्चीवरून मोजलेला असतो. ताऱ्याच्या कडा मध्यापेक्षा मंद असल्याने नेमकं उत्तर सॉफ्टवेअरच्या प्रारूपावरूनच घ्या. हा हिशोब पडताळ्यासाठी. उत्तर ०.८ आलं तर वर्तुळात दुसरा तारा मिसळला आहे, नाहीतर पिक्सेल भरले आहेत.

चांगला आलेख संगणकात पडून राहू देऊ नका. एक्सोक्लॉक, अमेरिकन रूपविकारी तारे निरीक्षक संघटना आणि नासाचं एक्झोप्लॅनेट वॉच, तिन्ही ठिकाणी हौशी निरीक्षणं स्वीकारली जातात. एक्सोक्लॉक तर युरोपच्या एरियल या बाह्यग्रहांचा अभ्यास करणाऱ्या अवकाश मोहिमेसाठी ग्रहांच्या वेळा ताज्या ठेवायलाच उभारलेला प्रकल्प आहे. पाठवताना ढगातले, दिव्यातले ‘वाईट’ ठिपके नजरेने पाहून खोडू नका. काढायचेच असतील तर वहीतल्या नोंदीच्या आधारे काढा आणि तसं कळवा. कॅमेरा, लेन्सचा व्यास, एक्स्पोजर, हिरवा चॅनेल आणि तुलना ताऱ्यांची यादी सोबत द्या, आणि मूळ रॉ फाइल जपून ठेवा. पडताळणी करणारे त्या मागतात.